ठसा, जाळी आणि संगणक : जालना जिल्ह्याच्या संदर्भात वस्त्रे व नामांकित वस्तूंवरील छपाईपद्धतींचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या जालना शहराचे नाव एका धनाढ्य मुस्लिम व्यापाऱ्यावरून पडले, हा व्यापारी व्यवसायाने ‘जुलाहा’ म्हणजे विणकर होता, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिकेला पुराव्याचा दर्जा देता येत नाही. तथापि गावाची ओळख वस्त्रव्यवसायाशी जोडण्याची लोकांची इच्छा तीमधून निश्चितपणे व्यक्त होते. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफराबाद व अंबड आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला. कापूस, बियाणे आणि पोलाद ही या जिल्ह्याच्या आधुनिक अर्थजीवनाची तीन प्रमुख अंगे होत. या तिन्ही अंगांत छापलेल्या वा उमटविलेल्या नावाला विशेष महत्त्व आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही.

मराठवाड्याच्या वस्त्रपरंपरेचा विचार पैठणी व हिमरू यांच्याभोवतीच फिरत राहिला आहे. ही दोन्ही वस्त्रे विणकामाची आहेत. त्यांवरील नक्षी धाग्यांतूनच घडते. तयार कापडावर नंतर उमटविलेली नक्षी, चिन्ह अथवा नाव हा स्वतंत्र विषय असून त्याकडे इतिहासलेखनाचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. आज एका व्यक्तीचे नाव व छायाचित्र असलेला सदरा किंवा कप काही मिनिटांत तयार होतो. ही सोय कोणत्या क्रमाने शक्य झाली आणि तीमुळे काय साधले व काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वस्त्रे व नामांकित वस्तूंवरील छपाईच्या प्रमुख पद्धतींचा ऐतिहासिक क्रम स्पष्ट करणे.
२) प्रतींची संख्या, टिकाऊपणा व आधारद्रव्य या निकषांवर त्यांची तुलना करणे.
३) जालना जिल्ह्यातील उद्योग व लोकव्यवहार यांच्या संदर्भात छापलेल्या नावाचे सामाजिक प्रयोजन तपासणे.

१. कोरलेले नाव

वस्तूवर नाव घालण्याची प्रथा छपाईपेक्षा कितीतरी जुनी आहे. भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन हे सातवाहनकालीन समृद्ध नगर होते. तेथील दात्यांची नावे सांची येथील दानलेखांत आढळतात. दान देणाऱ्याचे नाव दगडावर कोरण्यामागील भूमिका आणि लग्नात आहेर म्हणून दिलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालण्यामागील भूमिका यांत मूलतः फरक नाही. दोन्ही ठिकाणी नाव हा संबंधाचा पुरावा असतो. ग्रामीण भागात पंगतीसाठी शेजाऱ्यांकडून आणलेली भांडी नावावरूनच ओळखून परत केली जात. तेथे हेच नाव मालकीचाही पुरावा ठरे.

कोरण्याच्या पद्धतीत प्रत्येक नावास स्वतंत्र श्रम लागतात. शंभर भांड्यांवर शंभर वेगळी नावे घालावयाची असोत वा एकच नाव शंभर वेळा घालावयाचे असो, कारागिराच्या कष्टात फारसा फरक पडत नाही. कापडावरील भरतकामाची स्थितीही अशीच असते. हा मुद्दा पुढील तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२. लाकडी ठसा

ठशाचे अर्थकारण याच्या नेमके उलट असते. लाकडावर नक्षी कोरण्यास एखाद्या कारागिरास दहा दिवस लागतात असे उदाहरणादाखल गृहीत धरल्यास, त्या ठशाने एकच नग छापला तर दहा दिवसांचा संपूर्ण भार त्या एका नगावर पडतो. शंभर नग छापल्यास प्रत्येक नगाच्या वाट्याला दिवसाचा दहावा भागच येतो. म्हणून ठसा हे पुनरावृत्तीचे साधन आहे. एकच नक्षी असंख्य वेळा उमटविणे हे त्याचे बळ आणि एकाच व्यक्तीसाठी एकदाच छापणे परवडत नाही ही त्याची मर्यादा.

महाराष्ट्रात रंगारी, निराळी व भावसार या समाजांकडे कापड रंगविण्याचे व छापण्याचे काम परंपरेने होते. त्यांपैकी निराळी हे प्रामुख्याने निळीच्या रंगकामाशी संबंधित होते. या छपाईमागील रसायन सूक्ष्म होते. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजविले जाई. त्यानंतर ठशाने जे उमटविले जाई तो बहुधा प्रत्यक्ष रंग नसून रंगबंधक द्रव्य असे. तुरटीचे द्रावण लावलेल्या जागी आलीच्या मुळांचा लाल रंग धरला जाई, तर लोहयुक्त द्रावण लावलेली जागा हिरड्याच्या योगाने काळी पडे. उरलेल्या भागावरील रंग धुण्याने निघून जाई. रंग अशा रीतीने तंतूशी बांधला जात असल्याने अनेक धुण्यांनंतरही नक्षी टिकत असे. चीट आणि जाजम ही या परंपरेतील मराठी घरांना परिचित असलेली नावे होत.

नावाच्या छपाईचे या परंपरेतील ठळक उदाहरण म्हणजे रामनामी वस्त्र. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८) होय. रामोपासनेच्या या मुलुखाला रामनामी उपरणे अपरिचित नाही. त्यावर एकच नाव अखंड पुनरावृत्तीने छापलेले असते. ठशाला परवडणारे नाव हे असे सर्वांचे नाव होते. एखाद्या सामान्य व्यक्तीचे नाव कापडावर हवे असेल तर सुई-दोरा किंवा रंगाची कुंचली हाच उपाय होता.

३. कोरीव रूळ

भारतीय छापील कापडाच्या लोकप्रियतेमुळे इंग्लंडमधील लोकर व रेशीम व्यावसायिक अस्वस्थ झाले आणि १७२१ च्या कायद्याने तेथे छापील सुती कापडाच्या वापरावर व्यापक निर्बंध घालण्यात आले. त्याच देशात १७८३ मध्ये टॉमस बेल याने कोरीव तांब्याच्या रुळाने कापड छापण्याच्या यंत्राचे एकस्व मिळविले. रूळ कोरण्याचा खर्च लाकडी ठशापेक्षा पुष्कळ अधिक होता. परंतु तो सलग फिरत राहत असल्याने हजारो वार कापड छापले जाई. १८६८ मध्ये कृत्रिम अ‍ॅलिझरिन तयार करण्यात यश आले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. यंत्र व रसायन या दोहोंच्या एकत्रित आघातापुढे हाताने छापणाऱ्या रंगाऱ्याची स्पर्धाक्षमता ओसरली. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लोहमार्ग झाल्यानंतर जालन्याचा कापूस दूरच्या गिरण्यांशी आणि गिरण्यांचा माल जालन्याशी अधिक सुलभतेने जोडला गेला.

रुळाचे तत्त्व जालन्यात आज वेगळ्या क्षेत्रात पाहावयास मिळते. बांधकामासाठी लागणाऱ्या पोलादी सळयांच्या उत्पादनाकरिता हे शहर प्रसिद्ध आहे. तापलेली सळई ज्या रुळांमधून जाते त्यांवर उत्पादकाचे चिन्ह कोरलेले असते. त्यामुळे ते सळईच्या अंगावर ठरावीक अंतराने उमटत जाते. हे चिन्ह शोभेसाठी नसून जबाबदारी निश्चित करण्यासाठी असते. भारतीय मानकानेही सळईवर अशी ओळखखूण आवश्यक मानली आहे.

४. जाळीची छपाई आणि बियाण्याची पिशवी

१९०७ मध्ये मँचेस्टर येथील सॅम्युअल सायमन याने जाळीद्वारे छपाईचे एकस्व घेतले. चौकटीवर ताणलेल्या जाळीचा नको असलेला भाग बंद करून उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई खाली दाबणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. पुढे प्रकाशसंवेदी लेपाच्या साहाय्याने जाळी तयार होऊ लागली आणि कोरीव कामाची गरज संपली. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते. परंतु ती ठशापेक्षा लवकर व स्वस्तात तयार होते. त्यामुळे काही डझन ते काही हजार प्रतींच्या मध्यम पल्ल्यातील काम लहान शहरांतील व्यावसायिकांच्या आवाक्यात आले. दुकानाचे नाव असलेली पिशवी, संघाचे बनियन, मंडळाचे उपरणे, लग्नपत्रिका ही सर्व जाळीच्या छपाईची क्षेत्रे होत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यानंतर छापील कापडी पिशवीचे महत्त्व पुन्हा वाढले.

जालन्याच्या संदर्भात या छपाईला एक गंभीर बाजू आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे जालना हे देशातील बियाणे उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र बनले. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार लाभला. बियाणे अधिनियम १९६६ व त्याखालील १९६८ च्या नियमांनी वेष्टनावरील माहितीला कायद्याचे अधिष्ठान दिले. बियाण्याच्या वेष्टनावर दोन प्रकारचा मजकूर असतो. पीक, उत्पादकाचे नाव व बोधचिन्ह हा मजकूर हजारो पिशव्यांवर समान असल्याने तो ठसा, जाळी वा रूळ यांना सोयीचा ठरतो. लॉट क्रमांक, उगवणशक्ती व तपासणीची तारीख हा मजकूर मात्र प्रत्येक लॉटगणिक बदलतो. तो स्वतंत्र लेबलावर द्यावा लागतो. प्रमाणित बियाण्याचे निळे व सत्यतादर्शक बियाण्याचे हिरवे लेबल शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे.

बियाणे उगवले नाही तर पावती, पिशवी व लेबल हेच शेतकऱ्याच्या हाती उरणारे पुरावे असतात. बियाणे खरेदी करणारा शेतकरी हा ‘ग्राहक’ होय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले. अशा वेळी लॉट क्रमांकाची शाई पुसट होणे ही केवळ तांत्रिक उणीव राहत नाही. ती शेतकऱ्याच्या दाव्याची बाजू दुबळी करू शकते.

५. ठशाविना छपाई

संगणकीय छपाईने ठसा हा घटकच वगळला. बाष्परंग-स्थानांतर पद्धतीत विशिष्ट रंगाने कागदावर चित्र छापून ते सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने व दाबाने वस्तूवर उतरविले जाते. रंग वायुरूप होऊन पॉलिस्टरमध्ये शिरतो, म्हणून तो हाताला जाणवत नाही व सहसा निघत नाही. मात्र शुद्ध सुती कापडावर तो टिकत नाही आणि गडद पृष्ठावर उठून दिसत नाही. चिनी मातीच्या कपावरही त्यासाठी आधी बहुवारिकाचा लेप असावा लागतो. सुती कापडावर थेट शाई फवारण्याच्या पद्धतीत पूर्वप्रक्रिया आवश्यक असते, तर गडद कापडावर प्रथम पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. फिल्मवर छापून चिकट भुकटीच्या साहाय्याने चित्र चिकटविण्याची अलीकडील पद्धत सुती व कृत्रिम या दोन्ही कापडांवर चालते. परंतु तेथे चित्र तंतूत न मुरता पापुद्र्याच्या रूपाने वर राहते.

या सर्व पद्धतींत पहिल्या व शंभराव्या प्रतीचा खर्च जवळपास सारखाच असतो. म्हणजेच भांड्यावर नाव कोरणाऱ्या कारागिराचे अर्थकारण यंत्राच्या रूपाने परत आले आहे.

६. तुलनात्मक विवेचन

पद्धतीच्या निवडीने सामाजिक अर्थ कसा बदलतो, याचे बोलके उदाहरण राष्ट्रध्वजाचे आहे. मराठवाड्यात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ध्वजनिर्मितीसाठी ओळखली जाते. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार ध्वज हातकताई-हातविणाईच्या खादीचा असणे आवश्यक होते आणि अशोकचक्र शक्यतो जाळीच्या छपाईने अथवा अन्य छपाई, छिद्रपट किंवा भरतकाम यांनी दोन्ही बाजूंस स्पष्ट दिसेल असे उमटवावे, अशी अपेक्षा होती. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिस्टर कापडासही मान्यता मिळाली. त्यामुळे ध्वज अधिक घरांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याचबरोबर खादीच्या विणकराला असलेले नियमाचे संरक्षण संपले. लाभ व हानी ही दोन्ही येथे एकाच निर्णयातून आली.

‘जुनी पद्धत टिकाऊ व नवी तकलादू’ अशी सरळ विभागणी करता येत नाही. पॉलिस्टरमध्ये मुरलेला बाष्परंग हा तुरटीने बांधलेल्या लाल रंगाप्रमाणेच तंतूच्या आत असतो. उलट वरवर बसलेली जाळीची शाई नीट तापविली नसल्यास धुण्यात सुटते. ‘नवी पद्धत स्वस्त’ हे विधानही अर्धसत्य आहे. एका नगासाठी ती स्वस्त पडते. मोठ्या संख्येसाठी जाळी व रूळ यांचे स्थान अद्याप अबाधित आहे.

निष्कर्ष

१) छपाईपद्धतींतील मूलभूत भेद ठशाचा खर्च आणि प्रतींची संख्या यांच्या परस्परसंबंधात आहे. लाकडी ठसा, रूळ व जाळी ही पुनरावृत्तीची साधने, तर कोरणे, भरतकाम व संगणकीय छपाई ही वेगळेपणाची साधने होत.

२) टिकाऊपणा पद्धतीच्या वयावर अवलंबून नसून रंग व आधारद्रव्य यांच्या बंधावर अवलंबून असतो.

३) नावाची प्रयोजने भिन्न आहेत. आहेराच्या भांड्यावरील नाव संबंधाचे, रामनामीवरील नाव श्रद्धेचे, सळईवरील चिन्ह व बियाण्याच्या लेबलावरील मजकूर उत्तरदायित्वाचा आणि भेटवस्तूवरील नाव आठवणीचे असते. आठवणीचे नाव पुसले गेल्यास हळहळ वाटते. उत्तरदायित्वाचे नाव पुसले गेल्यास हक्क बुडू शकतो. म्हणून पद्धतीची निवड खर्चाइतकीच प्रयोजनावरून झाली पाहिजे.

४) ठसे, छापील जाजमे, नावे घातलेली भांडी, जुन्या कापडी पिशव्या व बियाण्याची लेबले ही स्थानिक इतिहासाची साधने आहेत. जुने भांडे मोडीत जाते, पिशवीचे पोतेरे होते आणि झिजलेला ठसा चुलीत जातो. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, रसायनशास्त्र व वाणिज्य विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून या वस्तूंची छायाचित्रे, मजकूर, माप व मालकाकडून मिळणारी माहिती नोंदविल्यास अल्प खर्चात एक मौलिक संग्रह उभा राहू शकेल. लेखी दप्तरात ज्यांची नावे आली नाहीत अशा अनेकांची नावे भांड्यांवर आणि कापडांवरच उरलेली आहेत.