वल्ही, वाहिन्या आणि विनोबा

कुलाबा जिल्ह्याचा १९८१ साली रायगड झाला, तरी आम्हा अलिबागकरांच्या तोंडी जुने नाव अजून येतेच. या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की लोकांना आंग्र्यांच्या तोफा आठवतात. मला आठवतात ती वल्ही. कान्होजींच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की सारी मदार माणसांच्या दंडांवर! ती वल्हवणाऱ्यांची काळजे कशी होती, हे लिहून ठेवायला बखरकारांना सवड नव्हती.

याच जिल्ह्यातील गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा १९५१ मध्ये भूदानासाठी निघाले आणि सुमारे तेरा वर्षे चालतच राहिले. ते वाटेवर असतानाच, १९५३ साली, लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दाखवून दिले, की दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना अधिक. (पुढे ड्रायव्हरांच्या पाटलोणी कमरेला मुळातच मोठ्या निघाल्या आणि शंकेखोरांना आयते निमित्त मिळाले!)

आमच्या थोरल्या बंधूंच्या छातीत दुखले, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर चालणेही लिहून दिले. "चालणे हे काय औषध झाले?" बंधू म्हणाले. त्यांच्यासाठी मी पुढचे वाचत गेलो.

१९८० साली अमेरिकेत फर्चगॉट यांना आढळले, की रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तरच तिला सैल व्हायला सांगते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू; त्या शोधासाठी १९९८ चे नोबेल तिघांना मिळाले. व्यायामाने रक्ताचा ओघ वाढतो, तो अस्तराला घासतो, आणि हा वायू घडवणाऱ्या द्रव्याचे जनुक पेशीत अधिक वाचले जाते. जनुक तेच, बदलत नाही. पोथी तीच, पारायणे वाढतात. १९९४ साली कुत्र्यांना दहा दिवस पळवून त्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांत हे पाहिले गेले. २००३ साली जर्मनीतील लाइपझिगला बायपासची वाट पाहणाऱ्या रुग्णांकडून चार आठवडे व्यायाम करवला. शस्त्रक्रियेत त्यांच्या छातीतील धमनीचा तुकडा तपासला, तर ते द्रव्य सुमारे दुप्पट! व्यायाम सोडला, की मात्र हा लाभ ओसरू लागतो.

त्या रुग्णांना दिलेल्या यंत्रांत सायकलीबरोबर एक वल्ही मारण्याचेही होते. हे ऐकून बंधू खो खो हसले. आमच्या कोळीवाड्यातल्या होड्यांना आता इंजिने आहेत. बंधू मात्र ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत चालत जातात, आणि भरतीच्या धाकाने परतताना पाऊल जरा झपझप उचलतात.