आंबट दगडाची कुळकथा

माझा आतेभाऊ वणीकडच्या कोळसा खाणीत होता. निवृत्त होताना त्याने मला लिंबाएवढा एक गोळा दिला. कोळशाच्या थरात सापडलेला, वजनाला हातात भरणारा, वरून मळकट पिवळा. एका बाजूला टवका उडाला होता, तिथे आत कथलासारखा पांढुरका आणि मधोमधून बाहेर फाकलेल्या सळ्यांसारखा दिसत होता. मी तो वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून शोकेसमध्ये मांडला. यवतमाळचा एक पावसाळा गेला. दिवाळीच्या साफसफाईत पाहतो तर गोळा तडकलेला, अंगावर पांढरी-हिरवट बुरशी आल्यासारखी, आणि खालचा कागद भाजल्यासारखा तपकिरी, बोट लावताच चुरा होणारा. बोट जिभेला लावण्याचा मूर्खपणा मी केला. चव आंबट आणि मग घशापर्यंत तुरट. शाळेत दौतीची शाई चुकून ओठाला लागायची, अगदी तीच.

ती बुरशी नव्हती. तो हिराकस होता. लोह आणि गंधक यांचा दगड दमट हवेत प्राणवायू घेतो, त्यातून हिराकस होतो आणि सोबत गंधकाम्ल सुटतं. कागद त्या आम्लाने खाल्ला होता. संग्रहालयवाल्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. तो सगळ्यात लवकर लागतो मार्कासाइट नावाच्या खनिजाला. माझा गोळा मार्कासाइटच, असं क्ष-किरण तपासणीवाचून कोणी शपथेवर सांगणार नाही. पण पांढुरका रंग, फाकलेली ठेवण, कोळशातलं माहेर आणि एका पावसाळ्यात आलेलं मरण एवढ्यावर मी तरी निकाल देऊन टाकला आहे.

पुढचं सगळं लिहितोय ते या चवीमुळे. काही महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी सुश्रुतसंहिता चाळत होतो. चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात मधुमेहाच्या उपचारात माक्षिक नावाच्या धातूचा उल्लेख आला. तो तापी नदीकाठचा, अमृतासारखा, असं कौतुक करून सुश्रुत त्याचे दोन प्रकार सांगतो. सोन्यासारखा दिसतो तो गोड, चांदीसारखा दिसतो तो आंबट. मी पुस्तक मिटून शोकेसकडे पाहिलं. दगडाला आंबट कोण म्हणेल? ज्याने तो पावसाळाभर ठेवून पाहिला तोच.

आधी खनिजांची ओळख करून देतो, थोडक्यात. पायराइट आणि मार्कासाइट यांचं रासायनिक सूत्र एकच: लोहाचा एक अणू, गंधकाचे दोन. वजनात लोह 46.6 टक्के, बाकी गंधक. फरक अणूंच्या मांडणीचा. पायराइटचा स्फटिक घनाकृती घराण्यातला, मार्कासाइटचा समचतुर्भुजी. दोघेही पोलादाशी झगडतील इतके कठीण, काठिण्याच्या मोजपट्टीवर साधारण 6 ते 6.5. तिसरा चुलत भाऊ कॅल्कोपायराइट. त्यात तांबंही असतं, रंगाने तो अधिक पितळी आणि कठीणपणात 4 च्या आतच. आजच्या रसशास्त्राच्या पुस्तकांत सुवर्णमाक्षिक म्हणजे कॅल्कोपायराइट आणि विमल म्हणजे पायराइट, असा हिशोब बसवलेला आहे. मार्कासाइटला त्यात खुर्चीच नाही.

ही वाटणी आजच्यांनी वरून लादली असं मला आधी वाटलं होतं. पण तेराव्या शतकाच्या आसपासचा ‘रसरत्नसमुच्चय’ हा रसशास्त्राचा ग्रंथ पाहिला आणि थक्क झालो. आठ महारसांत, म्हणजे प्रमुख खनिजांत, माक्षिक आणि विमल वेगळे मोजले आहेत. वेगळे कशावरून? रसशास्त्राच्या परंपरेत माक्षिकाला कोपरे नसतात, ते जड असतं आणि हातावर चोळलं की काळं सोडतं. रसरत्नसमुच्चयातल्या विमलाला कोपरे असतात, सपाट फळ्या असतात. कॅल्कोपायराइट बहुतेक वेळा ओबडधोबड ढेकळात मिळतो आणि पायराइट चौकोनी फाशांत, हे कुठल्याही खनिजशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा. रंगाने फसवणाऱ्या दोन दगडांना स्फटिकाच्या आकारावरून वेगळं करणारा हा ग्रंथकार भट्टीपाशी बसूनच लिहीत होता. विमलाचेही त्याने तीन प्रकार केले: सोनेरी, रुपेरी आणि काशाच्या रंगाचा.

आता खरा वाद. माक्षिक हा शब्द आला कुठून?

सरळ उत्तर मधाचं. मक्षिका म्हणजे माशी, तिने केलेला तो माक्षिक मध, आणि मधाच्या रंगाचा दगड तोही माक्षिक. भावप्रकाशात याच दगडाला मधुधातू म्हटलं आहे. सोनेरी माक्षिक गोड, असं सुश्रुतही म्हणतो. बाजू भक्कम आहे. हिंदीत तर माशीच उरली: सोनामक्खी. आपल्याकडे सोनामाखी. (काष्ठौषधीच्या दुकानात हा शब्द जपून उच्चारावा. सोनामुखी ऐकू गेलं तर हातात रेचक पाला पडतो.)

मला मात्र हे उत्तर फार गोड वाटतं. युरोपी मार्कासाइट हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आला, लॅटिनने तो अरबीतल्या मर्कशीथावरून घेतला. अर-राझी या वैद्याने नवव्या-दहाव्या शतकात खनिजांची वर्गवारी केली तेव्हा दगडांच्या वर्गात मर्कशीथा घातला. इब्न सीना त्याचे सोनेरी, रुपेरी, तांब्याचा, लोखंडाचा असे प्रकार सांगतो. आपल्या विमलाच्या यादीशेजारी ही यादी ठेवून पाहा. अरबीच्या मागे अरामी, आणि त्याच्याही मागे काही अभ्यासक अक्कदी भाषेतल्या एका दगडाच्या नावाशी जातात. तो दगड मर्हशी या देशाचा, आणि हा देश इराणच्या पूर्वेकडचा, म्हणजे आपल्याकडे तोंड करून बसलेला.

मर्कश आणि माक्षिक. प्राकृतात ‘र्क’चा ‘क्क’ होतो. अर्काचा अक्क झाला तसा मर्कशचा मक्कस होणं अवघड नाही. मग एखाद्या पंडिताने या मक्कसला संस्कृतचं उपरणं पांघरताना जवळचा ओळखीचा शब्द उचलला असेल: माक्षिक. मधाची गोष्ट नंतर जुळली असेल. रसरत्नसमुच्चय माक्षिकाची ठिकाणं सांगताना तापी, किरात आणि चीन यांच्याबरोबर यवनांचा देशही सांगतो. माल यवनांकडून येत होता, तर नाव का येऊ नये?

विरोधकांचा पहिला टोला: अरबीतला शब्द सुश्रुतात कसा शिरेल? सुश्रुत जुना. मान्य. म्हणून मी अरबीला सासर म्हणतो, माहेर नव्हे. शब्द त्याआधीच पूर्वेकडे निघाला असावा. दुसरा टोला जास्त लागतो. मधला मक्कस कोणत्याही प्राकृत ग्रंथातून काढून दाखवता येत नाही. ती पायरी मी माझ्या खिशातून घातली आहे, हे कबूल. तरीही दोन भाषा एकाच दगडाला ‘म’, ‘क’ आणि ‘श’सारख्या वर्णांच्या नावाने हाक मारतात आणि दोघी त्याचे सोनेरी-रुपेरी भेद करतात. हा नुसता योगायोग मानायला माझं मन तयार नाही.

तापीचंही कोडं आहेच. ताप्य, तापीज ही माक्षिकाचीच नावं. पण तापीचा बराचसा काठ काळ्या कातळाचा, आणि कॅल्कोपायराइट इतका मऊ आणि कच्चा की नदीत गोटा होऊन तो टिकतच नाही. मग तापीज कसा? सुरत बंदरात उतरलेल्या मालाला नदीचं नाव पडलं, असं म्हणणं सोपं आहे आणि माझ्या यवन-सिद्धांताला सोयीचंही. पण तापी उगम पावते त्या बैतूल जिल्ह्यात भूवैज्ञानिकांना जस्त आणि तांब्याच्या गंधकी धातुकांचा लांबलचक पट्टा सापडला आहे. तिथल्या खडकात माक्षिकाचा तोटा नाही. कोणी डोंगरातून ते खणून नदीकाठच्या बाजारात आणलं असेल, तर सुश्रुत शब्दशः खरा ठरतो. इथे मी माझ्याच सिद्धांताविरुद्ध मत देतो.

गंमत अशी की ज्या मुलताई तालुक्यात तापी जन्मते, त्याच तालुक्यात आपली वर्धाही जन्मते. एक पश्चिमेला गेली आणि माक्षिकाला नाव देऊन बसली. दुसरी यवतमाळची शीव धरून वणीच्या कोळशाशेजारून वाहते. तिथला कोळसा पर्मियन काळातल्या दलदलीत कुजलेल्या झाडांचा. त्या कुजक्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात जीवाणूंनी गंधक मोकळं केलं, ते लोहाला भेटलं आणि आम्लाच्या पाण्यात मार्कासाइट बांधलं गेलं. आपल्या गोंडवन कोळशात गंधक एरवी बेताचंच असतं, म्हणून असा गोळा हाती लागणं नवलाचं.

आता त्या चांदीसारख्या आंबट माक्षिकाकडे परत येतो. पुस्तकं त्याला रौप्यमाक्षिक म्हणतात आणि पुष्कळदा पायराइटच्या पदराला बांधून मोकळी होतात. पण पायराइट पितळी पिवळा असतो. ताज्या तुकड्यावर पांढुरका आणि दमट हवेत झटकन आंबणारा मार्कासाइटच. विल्हेल्म हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाने 1845 मध्ये मार्कासाइट हे नाव या एकाच खनिजाला बांधून दिलं. त्याआधी ते नाव सगळ्या चुलतभावांत मिळून होतं. सराफाकडे चांदीत जडवलेले काळसर चमकते मार्कासाइटचे दागिने मिळतात, ते अजूनही पायराइटचेच असतात. खरा मार्कासाइट गळ्यात टिकायचा नाही. घामाने तो हिराकस होईल.

वणी-राजूरकडे कोणाला कोळशात असा पांढुरका गोळा सापडलाच, तर त्याचे दोन तुकडे करा. एक घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा, दुसरा कागदावर ठेवून पावसाळाभर पाहा, आणि काय झालं ते मला कळवा. चव मात्र घेऊ नका. अशा दगडात सोमलही असू शकतो.