झेंडू : भाजीच्या वाफ्याचा राखणदार

टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना आवर घालण्यासाठी झेंडू उपयुक्त ठरतो. त्याच्या मुळांतील अल्फा-टरथिएनिल हे द्रव्य त्यांना मारक असते. मात्र कडेला लावलेल्या दोन-चार रोपांनी हे साधत नाही. भाजीपूर्वी त्याच वाफ्यात फ्रेंच झेंडूची दाट लागवड करून ती किमान दोन महिने राखावी लागते.

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडूचा उपयोग निराळा आहे. भारतात टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे आफ्रिकन झेंडूची एक ओळ सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस केली जाते. झेंडूची 40 दिवसांची आणि टोमॅटोची 25 दिवसांची रोपे एकाच वेळी लावल्यास दोहोंचा बहर जुळतो. पतंगाची मादी झेंडूकडे वळून तेथे अंडी घालते. अळ्या पडलेली फुले वेळीच खुडून नष्ट न केल्यास सापळाच किडीचे आगर बनतो.

माव्यावर झेंडूची मात्रा फारशी चालत नाही. कॅलिफोर्नियातील सेंद्रिय लेट्यूसच्या शेतांत त्यासाठी अलिसम लावतात. सिरफिड माश्या त्याच्या मधुरसावर पोसतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. कीटकनाशक फवारल्यास हे मित्रकीटकही मरतात.

दसऱ्याच्या तोरणासाठी परदेशी अंगणात झेंडू लावायचाच, तर तो पुढील वर्षी टोमॅटो घ्यावयाच्या वाफ्यात लावणे श्रेयस्कर.