गाडी विकली, पण आरसीवर नाव कुणाचं?

उसाचं बिल जमा झालं की गावोगावी जुन्या गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या, चावी हातात, पैसे मोजले की काम झालं असं आपण धरतो. पण फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावरचं नाव हलत नाही, तसंच आरसीचं आहे. नाव तुमचं असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही तुमच्यावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलं.

फॉर्म २९ : गाडी विकल्याची खबर. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची.

फॉर्म ३० : नावावर करण्याचा अर्ज. घेणाऱ्याची मुदत ३० दिवस.

बोजा असेल तर : बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५.

निपाणी, बेळगावकडे गाडी जाणार असेल तर : फॉर्म २८ भरून कोल्हापूर आरटीओची एनओसी घ्या. मुदत ४५ दिवस.

विमा : घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा.

टॅक्स : घरच्या वापराची गाडी विकली तर नफ्यावर इन्कम टॅक्स नाही. धंद्यात घसारा दाखवला असेल तर सीएंना विचारा. दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, तेवढाच दंड बसू शकतो.

सह्या केलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स आणि घेणाऱ्याचं आधार जपून ठेवा. फास्टॅग बंद करा. आणि महिन्याभराने परिवहनच्या साइटवर नाव बदललं का, ते बघाच.