आम्लविकाराचे वर्गीकरण : ‘माधवनिदान’ ते लॉस एंजेलिस

प्रस्तावना :
हैदराबादच्या गौलीगुडा परिसरात मराठी, तेलुगू व उर्दू भाषिक शेजारी राहत आले आहेत. छातीत जळजळ, आंबट ढेकर यांना कोणी ‘पित्त’ म्हणतो, कोणी ‘सीने की जलन’, तर कोणी ‘ॲसिडिटी’. जवळच कोठी येथे उस्मानिया मेडिकल कॉलेज आहे. तेथे १९५६ मध्ये डॉ. डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांच्या पुढाकाराने वैद्यक-इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आयुर्वेद, युनानी व आधुनिक वैद्यक यांचा इतिहास एकत्र अभ्यासण्याची ही परंपरा लक्षात घेऊन या विकाराच्या वर्गीकरणाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लक्षणांवर आधारित वर्गीकरण :
माधवकराच्या ‘माधवनिदान’ ग्रंथात अम्लपित्तासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे ‘ऊर्ध्वग’ व ‘अधोग’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. आंबट-कडू उलटी व ढेकर, घसा व छातीतील दाह ही ऊर्ध्वगाची लक्षणे होत. वात व कफ यांच्या संबंधानुसार पुढील भेदही केले आहेत. युनानी वैद्यकाने जठराच्या तक्रारींचा विचार मिजाजाच्या बिघाडावरून केला. तो बिघाड ‘सादा’ की ‘माद्दी’, म्हणजे दूषित द्रव्यासह, हे पाहिले. या परंपरा परस्परांपासून तुटलेल्या नव्हत्या. इ. स. ८५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘फिर्दौस-उल-हिकमत’ या ग्रंथात अली इब्न रब्बन तबरी यांनी चरक, सुश्रुत यांच्याबरोबर ‘निदान’ ग्रंथाचाही आधार घेतला आहे.

प्रत्यक्ष पाहणीवर आधारित वर्गीकरण :
जठररसामुळे अन्ननलिकेला इजा होते, हे विंकेलस्टाइन यांनी १९३५ मध्ये मांडले. पुढे दुर्बिणीतून अन्ननलिकेचे अस्तर पाहता येऊ लागले. सॅव्हारी व मिलर यांनी १९७० च्या दशकात जखमांच्या पायऱ्या ठरवल्या. १९९४ च्या लॉस एंजेलिस येथील जागतिक परिषदेत ए, बी, सी, डी ही श्रेणी पुढे आली. पाच मिलिमीटरपर्यंतची जखम ‘ए’, तर अन्ननलिकेच्या परिघाचा ७५ टक्के किंवा अधिक भाग व्यापणारी जखम ‘डी’.

मोजमापाकडे :
मात्र जळजळ होणाऱ्या अनेक रुग्णांत जखम दिसतच नाही. म्हणून ‘जखमरहित’ हा गट मानावा लागला. २००६ च्या माँट्रियल व्याख्येने अन्ननलिकेतील व तिच्याबाहेरील, उदा. खोकला, दमा, अशी विभागणी केली. २०१८ च्या लिऑन सहमतीने आम्लाचा प्रत्यक्ष संपर्क मोजण्यावर भर दिला. चोवीस तासांच्या नोंदीत तो सहा टक्क्यांहून अधिक वेळ असल्यास विकार निश्चित, चार टक्क्यांहून कमी असल्यास तो सामान्य मानला जातो. जळजळ असूनही आम्ल व जखम दोन्ही नसल्यास तो विकार निराळा ठरतो व आम्लरोधक गोळ्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

निष्कर्ष :
वर्गीकरणाचा पाया लक्षण, मिजाज, दृश्य जखम व मोजमाप असा बदलत गेला. त्यामुळे ‘ऊर्ध्वग अम्लपित्त’ म्हणजे आजचा रिफ्लक्स, असे समीकरण वर्गात शिकवणे योग्य नाही; लक्षणे जुळतात, पण वर्गीकरणाची कसोटी जुळत नाही. दुसरी बाब व्यवहाराची आहे. त्रास जास्त म्हणजे इजा जास्त, असे नसते. गिळताना अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होणे ही लक्षणे ‘पित्त’ म्हणून घरीच सोसणे धोक्याचे आहे. विद्यार्थ्यांमार्फत एवढी जाण घराघरांत पोहोचली, तरी या इतिहासाच्या अध्यापनाचे सार्थक होईल.