शिकारीची गाडी: खर्ड्याच्या माळावरून

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासला राहतो. मागच्या बकरी ईदला त्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांना आणि त्यांच्या पिशव्यांना वाहून नेणारी बॅटरीवरची बुटकी गाडी असते ना, तशी एक जुनी गाडी त्याच्या शेजाऱ्याने घेतली होती आणि तिचे रूपच पालटून टाकले होते. गाडीचे अंग चाकांपासून चार-सहा इंच वर उचललेले, गुळगुळीत टायर काढून खोल नक्षीचे जाड टायर घातलेले, मागच्या सीटच्या जागी मारलेले हरीण टाकायला फळी, पुढे बंदूक अडकवायची खाच, आणि सगळीकडे पाचोळ्याच्या छटांचा रंग. भाच्याला मात्र नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. "मामू, हिला आवाजच नाही. हरणं मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात."

मी त्याला कळवले, बाबा, ही गाडी आपल्याकडे शेकडो वर्षे होती. तिला बॅटरीऐवजी बैल होते आणि बंदुकीऐवजी चित्ता.

त्याने हसण्याची चित्रे पाठवली. म्हणून हा लेख.

आमचे मूळ खर्ड्याच्या बाजूचे. जामखेड तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला एकाच तारखेमुळे माहीत आहे: ११ मार्च १७९५. निजाम अली खान बीदरहून निघून मोहरी घाट उतरून आला, पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली, हार झाली आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला. दौलताबादसह मुलूख आणि मोठी खंडणी कबूल करून, दिवाण अजीम-उल-उमराला ओलीस देऊन सुटला. हल्ली ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान म्हणून सांगितली जाते. निजाम ज्या किल्ल्यात अडकला तो बांधला सुलतानजी निंबाळकरांनी, आणि हे मराठा सरदार निजामाच्याच पदरी होते. एवढे सांगितले की गावातही लोक जरा गप्प होतात. पण आज मला लढाईवर लिहायचे नाही. लिहायचे आहे ते ज्या जमिनीवर ती झाली तिच्यावर.

उघडा माळ, कुसळी गवत, मधेच बाभळ. घोडदळाला जी जमीन लागते तीच काळविटालाही लागते: लांबवर दिसावे आणि पळायला अडथळा नसावा. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. कधीकाळी हा सगळा पट्टाच रेहेकुरी होता.

असल्या जमिनीवर शिकाऱ्याची अडचण एकच असते. लपायला जागा नाही. माणूस पायी दिसला की कळप पळाला. मग जनावर ज्याला भीत नाही अशा कशाच्या तरी आडून जावे लागते. ही युक्ती राजांची नाही, पारध्यांची आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जातीजमातींवर जे मोठे पुस्तक काढले, त्यात पारध्यांच्या पोटजातींची यादी आहे. फासे लावणारे फासेपारधी, शिकवलेल्या गुराच्या आडून शिकार करणारे गायके, चित्ता बाळगणारे चित्तेवाले. गायक्याचे गुरू चरत चरत पुढे सरकते, त्याच्या पोटाआड माणूस वाकून चालतो आणि काळविटाला फक्त एक गाय दिसते. एवढेच यंत्र.

बादशहांनी आणि संस्थानिकांनी याच यंत्राला चाके लावली. गाडी साधी शेतकऱ्याची, पण बदललेली. बाजूच्या फळ्या आणि साट्या काढून सपाट तक्ता ठेवायचा, म्हणजे चित्त्याला कोणत्याही अंगाने उडी टाकता येईल. वर तो बसलेला, डोळ्यांवर कातडी टोपी, कमरेला दोरी, शेजारी त्याचा चित्तेवान. गाडी कळपाकडे सरळ न्यायची नाही, हाच खरा हुन्नर. शेताकडे निघाल्यासारखे तिरके जायचे, वळसा घ्यायचा, दर वळशाला थोडे आत यायचे. बैलगाडी काळविटाच्या रोजच्या पाहण्यातली असल्याने ते चरतच राहते. शंभर-दोनशे पावलांवर आले की टोपी काढायची. चित्ता पाहतो, गाडीच्या आडून खाली सरकतो, पोट जमिनीला लावून पुढे जातो आणि मग जी धाव घेतो ती काही सेकंदांची. तेवढ्यात साधले तर साधले. नाही तर तो तिथेच रुसून बसतो आणि चित्तेवानाला मनधरणी करत आणावे लागते. त्याला पळवून दमवता येत नाही, मारून शिकवता येत नाही. टेक्सासच्या गाडीत आणि या गाडीत मुख्य फरक मला हाच वाटतो. इथे यंत्राचा अर्धा भाग रुसू शकत होता.

अकबराला या खेळाचे वेड होते. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत चित्त्यांसाठी वेगळे प्रकरण लिहिले, त्यांचा खुराक, त्यांच्या प्रती, त्यांच्या वाहनाची व्यवस्था, सगळे. समंद माणिक नावाचा एक चित्ता चौडोलात बसून निघे आणि पुढे नगारा वाजे. दख्खनेतही हा शौक होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाचे शिकारी चित्ते आर्थर वेलस्लीकडे आले आणि त्यांनी तो काळविटे मारीत असे. याच वेलस्लीने चार वर्षांनी अहमदनगरचा किल्ला घेतला.

चित्ते पाळीव नव्हते. पिंजऱ्यात ते जवळजवळ वीतच नसत. जहांगीरने पिलांची एक वेत नवल म्हणून नोंदवून ठेवली आहे. प्रत्येक चित्ता रानातून, आणि मोठा झालेलाच धरावा लागे, कारण शिकार त्याने आईकडून शिकलेली असायला हवी. तो धरणारे बहुधा पारधी. सांभाळून गाडीवर बसवणाऱ्यांत मुसलमान चित्तेवान पुष्कळ. गाडी हाकणारा गावचा कोणीही. फोटोत मात्र महाराज किंवा साहेब दिसतो, खाली नाव त्याचे आणि कधीकधी चित्त्याचे.

माझ्या वाचकांपैकी काहींना पडेल तो प्रश्न मलाही पडला होता. चित्त्याने धरलेले हरीण हलाल कसे? सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावराने धरून ठेवलेल्या शिकारीला परवानगी आहे, अल्लाहचे नाव घेण्याच्या अटीवर. शिकार जिवंत हाती लागली तर जबह करणे आलेच. चित्ता गळा दाबून धरतो, त्यामुळे चित्तेवानाला धावत जाऊन, नाव घेऊन सुरी चालवावी लागे. मग लाकडी डावात रक्त घेऊन ते चित्त्यापुढे धरायचे. तो गळा सोडून डावाकडे वळला की टोपी परत डोळ्यांवर. हीच त्याची मजुरी. या खेळात माझे मन अडकते हे मी लपवत नाही, पण दुसरीकडे एक हदीसही आहे, जीव असलेल्या कशालाही नेमबाजीचे निशाण करू नका म्हणून. पोटासाठी पारधी मारतो आणि करमणुकीसाठी दरबार मारतो, यात माझ्या दृष्टीने फरक आहे, मग दरबार कोणाचाही असो.

महाराष्ट्रात ही परंपरा सर्वांत शेवटपर्यंत टिकली कोल्हापुरात. शाहू महाराजांना जनावरांची आणि गाड्यांची दोन्हींची जाण. घोडे तयार करायला ते खडखडा नावाची गाडी वापरत आणि स्वतः हाकत. चित्त्यांच्या शिकारीलाही तिथे बैलांच्या जागी घोड्यांची गाडी आली, म्हणजे वेग वाढला. पण तोवर हिंदुस्थानातले चित्ते इतके कमी झाले होते की कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेहून बोटीने मागवावे लागत. गाडी सुधारत गेली आणि तिच्यावर बसणारा संपत गेला.

मग मोटार आली. कोरियाच्या महाराजांनी १९४७ च्या अखेरीस रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. एकाच वेतीचे तिघे नर एकमेकांना खेटून बसले होते. दोन गोळ्यांत तिघे गेले, दुसरी गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्याला लागली. हिंदुस्थानातल्या चित्त्यांची शेवटची पक्की नोंद म्हणून हीच सांगतात. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.

आमच्या माळावर चित्ता त्याच्याही कितीतरी आधी संपला असणार. इथे आली ती जीप. तिचीही एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. १९४५ साली लुधियानात जी कंपनी निघाली तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले आणि मुंबईत माझगावला विलिस जीप जोडल्या जाऊ लागल्या.

माझे थोरले चाचा या जीप दुरुस्त करत. साठच्या दशकात त्यांच्याकडे शहरातून शौकीन लोक गाड्या आणत आणि यादी सांगत. कापडी टप काढा. समोरची काच बॉनेटवर आडवी पाडा (ती मुळातच पडायची, लढाईची गाडी ना). मागे उभे राहून धरायला पाइप वेल्ड करा. बॅटरीवरून वायर ओढून हातात धरायचा मोठा दिवा द्या. दिवा सगळ्यात महत्त्वाचा. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की काळवीट जागीच खिळते. वळसे नकोत, वाऱ्याची दिशा नको, टोपी काढायची वेळ नको. एका रात्रीत दहा-बारा आणत, असे चाचा सांगत. नंतर नंतर त्यांनी दिवा बसवून द्यायचे बंद केले. कारण विचारले तर म्हणाले, "त्यात शिकार कुठं होती? ते तर उचलून आणणं झालं." मजुरी चांगली मिळायची, हेही त्यांनीच सांगितले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने नेमक्या याच गोष्टी नाव घेऊन बंद केल्या: चाकांच्या वाहनातून शिकार नाही, कृत्रिम उजेडात नाही, सूर्यास्तानंतर नाही. पुढे शिकारच बंद झाली. चांगले झाले, नाहीतर रेहेकुरीलाही काही उरले नसते. पण माळ कोणी रिकामा केला, या प्रश्नाला गावात अजूनही पहिले नाव पारध्यांचेच येते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरवलेले, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात कोंडलेले, १९५२ ला कागदावर मुक्त झालेले हे लोक. फाशाने दिवसाला एखादे जनावर धरणारा माणूस संशयित, आणि जीपवाल्यांचे फोटो दिवाणखान्यात. चाचांच्या गॅरेजात आलेल्या एकाही गाडीवर खटला झाल्याचे त्यांना आठवत नव्हते.

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, तेव्हा टीव्हीवर मी ते चाचींसोबत पाहिले. चाचा नव्हते. त्यांचा तो दिवा मात्र घरात आहे. काच तडकलेली, बल्ब दोनदा बदललेला. नातू तो ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडतो. ज्वारी हुरड्यात आली की रात्री काळविटांचा कळप शेतात उतरतो, आणि तो बांधावर उभा राहून त्यांच्यावर उजेड टाकतो, डबा वाजवतो, ओरडतो. म्हणतो, पूर्वी खिळून राहायची म्हणतात, आता उजेड बघून पळतात.