बॅकअप नसलेल्या गाड्या

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी पाच डॉलरला एक मोडकी गाडी विकत घेतली. खरी नाही हो, प्लास्टिकची! १९६३ ची फोर्ड गॅलक्सी, १/२५ मापाची, एएमटी कंपनीच्या किटमधली. कुणीतरी लहान मुलाने जोडलेली. लाल रंगाचे ब्रशने मारलेले जाडजूड थर, काचेवर गोंदाचे ओघळ, पुढचा बंपर गायब आणि दारावर हाताने काढलेला वाकडातिकडा पांढरा ७. अशा मॉडेलला इथले शौकीन 'ग्लू बॉम्ब' म्हणतात. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "अरे, अमेरिकेत जाऊन भंगार विकत घेतोस?"

आईचं बरोबर आहे. पण या भंगाराला एक गोष्ट आहे, आणि ती मी सध्या राहतो त्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावाचीच आहे. एएमटीचा कारखाना इथेच मेपल रोडवर होता. त्या रस्त्याने मी दोन वर्षं ये-जा करत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

१९४८ साली डेट्रॉइटच्या वेस्ट गॅलोग्ली नावाच्या वकिलाने 'अॅल्युमिनम मॉडेल टॉइज' हा जोडधंदा सुरू केला. एएमटी हे त्याचंच लघुरूप. मोटार कंपनीची नवी गाडी आली की तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती बनवायची आणि ती शोरूममध्ये द्यायची. बाबा गाडी बघायला आले की पोराच्या हातात छोटी गाडी ठेवायची, म्हणजे घरी गेल्यावर हट्ट करायचं काम पोरगा करेल. जाहिरातीचा किती स्वस्त मार्ग! सुरुवातीला या गाड्या अॅल्युमिनियमच्या होत्या, पण लवकरच त्या प्लास्टिकच्या झाल्या.

१९५८ मध्ये एएमटीने पुढची उडी मारली. त्याच साच्यातून निघणारी गाडी न जोडता, सुट्या भागांत, खोक्यात भरून विकायची. आणि त्या खोक्यात एक नाही तर तीन गाड्यांचा ऐवज. शोरूममध्ये दिसते तशी, शर्यतीची, किंवा 'कस्टम' म्हणजे आपल्या मनासारखी बदललेली. किंमत साधारण दीड डॉलर. जॉर्ज बॅरिससारख्या खऱ्या गाड्या कापून-जोडून नवं रूप देणाऱ्या कारागिरांना कंपनीने हाताशी धरलं. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉज ट्रकपासून बनवलेली 'डिओरा' १९६७ मध्ये इथल्या ऑटोरामा प्रदर्शनात रिडलर पारितोषिक जिंकून गेली, आणि तिचंही एएमटी किट निघालं. म्हणजे कमी पैशात गाडी 'आपली' करायची, ही कल्पना नंतर शौकिनांनी शोधलेली नाही. ती खोक्यातच भरलेली होती. एका वेळी एकच गाडी जोडता येई, त्यामुळे उरलेले भाग डब्यात साठत. पुढच्या किटला तेच उपयोगी पडत.

आता खरी गंमत ऐका. दरवर्षी मोटार कंपन्या गाडीची जाळी, बंपर, मागचे दिवे बदलायच्या. मग मॉडेलवाले काय करायचे? पोलादी साचा प्रचंड महाग. त्यामुळे शक्य असेल तिथे जुनाच साचा कोरून, भरून पुढच्या वर्षाचा करायचे. म्हणजे जुन्या फाइलवरच नवी फाइल सेव्ह! मागची आवृत्ती गेली ती गेलीच. अशी कित्येक किट्स पुन्हा कधी जशीच्या तशी छापता आली नाहीत. आज एएमटीचं नाव असलेली 'राउंड टू' कंपनी त्यातल्या काही गाड्यांचे साचे नव्याने करते आहे, पण बाकीच्यांचा बॅकअप एकच. पोरांनी जोडलेले आणि माळ्यावर पडलेले ग्लू बॉम्ब. न उघडलेलं खोकं मिळालंच तर त्याची किंमत माझ्या खिशाबाहेरची.

तर मी कामाला लागलो. जुना गोंद थंडीत ठिसूळ होतो, म्हणून गाडी रात्रभर फ्रीझरमध्ये, पराठ्यांच्या पाकिटाशेजारी. सकाळी जराशा दाबाने सांधे कटकन सुटले. क्रोमचा उडालेला मुलामा घरच्या ब्लीचने काढला. काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने घासून बरेच कमी केले. किटच्या चौकटीचे तुकडे पातळ गोंदात विरघळवून त्याचीच लांबी केली आणि भेगा बुजवल्या. तीच चौकट मेणबत्तीवर तापवून ओढली की केसासारखी तार निघते, त्याची अँटेना. टायर जिथे टेकले होते तिथे प्लास्टिक खाल्लं गेलं होतं, कारण मऊ टायरमधलं रसायन बाहेर येऊन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. तिथेही हीच लांबी. बंपर एका ओळखीच्या शौकिनाच्या डब्यातून फुकट मिळाला.

रंग काढायला ओव्हन क्लीनर. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून फवारलं, पिशवीत बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासलं तर आतून शुभ्र पांढरी बॉडी निघाली. काय आनंद झाला म्हणून सांगू! तो साधारण दहा मिनिटं टिकला. मग लक्षात आलं, की तो ७ पण गेला.

त्या पोराने तीनपैकी शर्यतीची गाडी निवडली होती. बोनेटच्या आत शर्यतीचंच इंजिन बसवलेलं होतं. मी मात्र 'मूळ रूपात' म्हणून शोरूमवाली करायला निघालो होतो. पण ज्या खोक्यात तीन गाड्या आहेत तिचं मूळ रूप कुठलं? साचा बदलणाऱ्या कंपनीला मी मघाशी नावं ठेवली, आणि स्वतः तेच केलं. एकमेव प्रतीवर नवी फाइल सेव्ह केली.

एक गोष्ट मात्र ओव्हन क्लीनरलाही पुसता आली नाही. छताच्या आतल्या बाजूला एक छोटा अंगठा उमटलेला आहे. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून एकजीव करतो. साठ वर्षांपूर्वी कुणाचा तरी ओला अंगठा तिथे टेकला आणि कायमचा राहिला. मी तिथे सँडपेपर लावलेला नाही.

काल आईला फोन केला. माझ्या फोनमधला तो फोटो कधीच उडाला होता. "ते भंगाराचं चित्र आहे का गं अजून?"

"आहे की. तुझे सगळे फोटो ठेवते मी."

आला फोटो. या रविवारी गाडी पुन्हा लाल होईल, पातळ थरांत, आणि दारावर पांढरा ७ येईल. सरळ काढता येईल मला, पण वाकडाच काढणार आहे.